वेणा, भय आणि आभास : चांदा–गडचिरोलीच्या संदर्भात एक विवेचन

वरोऱ्याच्या आनंदवनाची कथा भयापासून सुरू होते, हे महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे. पावसात भिजत पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णाला पाहून बाबा आमटे प्रथम भ्याले व तेथून निघून गेले. पुढे त्या भ्याल्याचीच लाज वाटून ते परतले. 1949 सालची महारोगी सेवा समिती आणि 1951 सालचे आनंदवन ही त्या परतण्याची फळे होत. याच वरोऱ्याहून 1973 सालच्या डिसेंबरात भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला. डॉ. प्रकाश आमटे यांच्याबरोबर तेथे गेलेल्या डॉ. मंदाकिनी आमटे यांनी नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात भूलशास्त्राचे शिक्षण घेतले होते. वेदना नाहीशी करण्याची विद्या शिकलेली एक स्त्री अशा ठिकाणी येऊन राहिली, की जेथे वीज नव्हती, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला म्हणजे वाट बंद होई, आणि ज्यांच्यासाठी यावयाचे ते माडिया लोकच आरंभी डॉक्टरांना भिऊन जवळ येत नसत. भूल देण्याची विद्या आणि भय घालविण्याची विद्या या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

या जुन्या गोष्टीची आठवण आज होण्यास एक नवे निमित्त आहे. प्रसूतीच्या वेळी स्त्रीच्या डोळ्यांवर एक यंत्र बांधून तिला समुद्रतळ, वन, हिमाच्छादित प्रदेश अशी दृश्ये दाखवावयाची व त्यायोगे तिची वेदना आणि भीती कमी करावयाची, असे प्रयोग पाश्चात्त्य रुग्णालयांतून चालू आहेत. या तंत्रास व्हर्च्युअल रिॲलिटी म्हणतात. मराठीत त्यास आभासी वास्तव हा शब्द रूढ होत आहे. डोक्यावर घालावयाचे असे पहिले दृश्ययंत्र आयव्हन सदरलँड यांनी 1968 साली अमेरिकेत तयार केले. त्याचा वेदनाशमनासाठी पद्धतशीर उपयोग सिएटल येथे 1996 च्या सुमारास हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांवर केला. जखमेची मलमपट्टी बदलताना रुग्णाला बर्फाच्या दरीतून फिरविणारे त्यांचे दृश्य पुढे प्रसिद्धीस आले. प्रसूतीच्या बाबतीत मिशिगन विद्यापीठातील 2019 सालचा प्रयोग 27 स्त्रियांचा होता. त्याच स्त्रीच्या काही कळा यंत्रासह व काही यंत्रावाचून, अशी तुलना त्यात केली होती. पाण्याखाली संथ पोहणाऱ्या प्राण्यांच्या सोबतीने घालविलेल्या कळांत वेदना व चिंता दोन्ही कमी भासल्या. लॉस एंजेलिस येथे पहिलटकरणींवर झालेल्या एका प्रयोगातही असाच निष्कर्ष निघाला. मात्र तेथे यंत्राचा वापर फार तर अर्ध्या तासाचा होता. पहिलटकरणीच्या वेणा पुष्कळदा बारा-पंधरा तास चालतात, हे येथे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

यंत्र नवे असले तरी कल्पना नवी नाही. वेणा देणाऱ्या स्त्रीचे मन अन्यत्र न्यावयाचे, ही खटपट फार प्राचीन असून तिची साधने मुख्यतः दोन राहिली आहेत : एक शब्द आणि दुसरे दृश्य.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात सूतिकागाराचे व प्रसूतीचे जे वर्णन आहे, त्यात औषधांइतकेच लक्ष बोलण्याकडे दिलेले दिसते. अनेक वेळा प्रसूत झालेल्या, प्रेमळ स्वभावाच्या स्त्रियांनी आसन्नप्रसवेच्या भोवती बसावे व तिला समजेल, धीर येईल अशा शब्दांनी तिचे सांत्वन करावे. एकीने तिच्या कानात मंत्र जपावा. वेण नसताना जोर करू नये हे तिला सांगावे. आणि ती जोर करू लागली म्हणजे सर्वांनी “झाले, झाले, पुत्र झाला” अशा अर्थाचा गजर करावा, म्हणजे हर्षाने तिच्या प्राणांना बळ येते, असा तेथील आशय आहे. अद्याप न घडलेली घटना घडली म्हणून सांगावयाची, आणि त्या सांगण्याच्या बळावर ती घडवून आणावयाची! वाणीच्या ठायी कृतीचे सामर्थ्य असते, याची चर्चा आधुनिक भाषाविज्ञानात पुष्कळ झाली आहे. परंतु इतके थेट उदाहरण त्या चर्चेत क्वचितच आढळते. तो हर्ष पुत्राच्याच नावाने का निर्माण व्हावा, हा प्रश्न निराळा. आणि त्याचे उत्तर वैद्यकाने द्यावयाचे नसून समाजाने द्यावयाचे आहे. याच अध्यायात, वेणा लागलेल्या स्त्रीने मुसळ घेऊन धान्य कांडावे, हे कोणाचे तरी मत नमूद करून आत्रेयांनी ते अपायकारक म्हणून खोडून काढले आहे. म्हणजे हा सर्व प्रकार केवळ श्रद्धेचा नसून त्यात पाहणे व पारखणेही होते.

दृश्याचे साधन थोडे पुढच्या काळात दिसते. सुमारे इ. स. 900 मधील वृंदाच्या सिद्धयोग या ग्रंथात सुखप्रसूतीसाठी नऊ घरांचे एक अंकयंत्र सांगितले आहे. पहिल्या ओळीत 16, 6, 8. दुसरीत 2, 10, 18. तिसरीत 12, 14, 4. उभी, आडवी, तिरपी कशीही बेरीज केली तरी 30 येते. भारतीय गणिताच्या इतिहासात या चौकोनाला स्वतंत्र महत्त्व आहे. पुढे अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने अभिमंत्रित पाणी पिण्याबरोबर हे उभयत्रिंशक यंत्र पाहण्यास सांगितले आहे. येथे ‘पाहणे’ ही क्रिया विशेष लक्षणीय होय. यंत्र अंगावर बांधावयाचे नसून नजरेपुढे धरावयाचे आहे. त्या अंकांत अद्भुत शक्ती होती असे मानण्याचे कारण नाही. परंतु कळ येत असता डोळ्यांना स्थिर राहण्यासाठी काही तरी हवे असते, हा अनुभव त्या विधानामागे असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही. सिएटलच्या बर्फाच्या दरीचे आणि या नऊ घरांचे नाते दूरचे आहे, पण ते आहे.

या जुन्या ग्रंथांकडे आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने वळून पाहणाऱ्या आरंभीच्या महाराष्ट्रीय व्यक्तींत एक स्त्री होती. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी 1886 साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास सादर केलेला प्रबंध आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेल्या या स्त्रीने तो विषय घ्यावा, यात आश्चर्य नाही. 1887 च्या फेब्रुवारीत पुणे येथे त्यांचे निधन झाले आणि त्या अभ्यासाचा धागा तेथेच तुटला.

पश्चिमेकडे या काळात औषधाचा मार्ग मोकळा झाला होता, पण त्यालाही एका शब्दाचा अडसर होता. एडिंबरोचे जेम्स यंग सिम्प्सन यांनी 1847 च्या जानेवारीत ईथर व नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म प्रसूतीत वापरला. ‘दुःखाने मुले प्रसवशील’ असा शाप बायबलात असता तो टाळणे पाप होय, असा आक्षेप निघाला. सिम्प्सनने त्यास जे उत्तर दिले ते वैद्यकीय नव्हते, भाषिक होते. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ वेदना असा नसून श्रम असा आहे, आणि वेदनेसाठी हिब्रूत निराळे शब्द आहेत, असे त्याने प्रतिपादिले. 1853 साली राणी व्हिक्टोरियाने जॉन स्नो यांच्या हातून क्लोरोफॉर्म घेतल्यावर वाद बराचसा शमला. क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी 1888 व 1889 साली दोन आयोग बसले ते निजामाच्या हैदराबादेत, म्हणजे चांदा जिल्ह्याला लागून असलेल्या राज्यात. शास्त्र इतके जवळ आले होते. प्राणहितेच्या अलीकडच्या रानातील बाळंतिणीला मात्र त्याची वार्ताही नव्हती.

विसाव्या शतकात औषधाविरुद्ध प्रतिक्रिया झाली. इंग्लंडमधील ग्रँटली डिक-रीड यांनी 1933 मध्ये नैसर्गिक प्रसूतीवर पुस्तक लिहिले व 1942 मध्ये ते मत अधिक विस्ताराने मांडले. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील एका दरिद्री स्त्रीने क्लोरोफॉर्म नाकारला आणि मागाहून, दुखले नाही व दुखावयाचे नसतेच ना, असे विचारले. या प्रसंगातून आपल्याला दृष्टी आली असे ते सांगत. त्यांचे सूत्र असे, की भयाने शरीर ताठरते, ताठरल्याने वेदना होते, आणि वेदनेने भय वाढते. हे सूत्र उपयुक्त ठरले. आजच्या आभासी वास्तवाच्या प्रयोगांमागेही त्याचा अंश आहे. परंतु त्याच्या पोटात एक दुष्ट समजूत दडलेली होती. सुधारलेल्या समाजातील स्त्री शिक्षणाने व गोष्टी ऐकून भ्याली. रानटी समाजातील स्त्री मात्र काम करता करता बाजूस होते, मूल प्रसवते आणि पुन्हा कामाला लागते, असे चित्र डिक-रीड व त्यांच्यासारखे लेखक रंगवीत. हे चित्र आपल्याकडेही अपरिचित नाही. ‘आदिवासी बाईला बाळंतपणाचे काही वाटत नाही’ हे वाक्य नागर मराठीत इतक्या सहजपणे बोलले जाते, की त्यास पुरावा मागावा असे कोणाच्या मनात येत नाही.

हा पुरावा गडचिरोलीत मिळाला. 1982 साली चांदा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था 1986 पासून काम करीत आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ असलेल्या राणी बंग यांनी 1989 साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि फार थोड्यांनी त्यावर उपचार घेतले होते. न बोलणे म्हणजे न दुखणे नव्हे, हे येथे प्रथम आकड्यांनी सिद्ध झाले. त्यानंतर 1995–96 मध्ये 39 खेड्यांतील 772 स्त्रियांचे बाळंतपण व त्यापुढील काळ प्रशिक्षित ग्राम-आरोग्यसेविकांनी घरी जाऊन पाहिला. ही पाहणी 2004 साली प्रसिद्ध झाली. तीत 52.6 टक्के स्त्रियांना काही ना काही व्याधी आढळली. प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी 17.7 टक्के, व नंतरच्या काळात 42.9 टक्के. लांबलेली प्रसूती 10.1 टक्के स्त्रियांत होती. दर दहा स्त्रियांत एक अडत होती, असा याचा साधा अर्थ.

‘अडणे’ हा मराठी शब्द येथे थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. मराठीत स्त्री प्रसूत होते ते ग्रांथिक भाषेत. बोलण्यात ती ‘मोकळी होते’, तिची ‘सुटका होते’, आणि तसे न झाले तर ती ‘अडते’. सर्व शब्दसृष्टी बंधनाची व मुक्ततेची आहे. बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म होय, असे म्हणण्याचा प्रघातही त्याच अनुभवातून आला. संस्कृत ‘वेदना’ प्राकृतातून येताना झिजून ‘वेण’ झाली व तिचा अर्थ संकोच पावून केवळ प्रसूतीच्या दुःखापुरता उरला. म्हणजे सर्व वेदनांतून मराठीने हीच एक वेदना निवडून मूळ शब्द तिला दिला. ज्या भाषेची घडण अशी आहे, तिच्या बोलणाऱ्यांना भय बाहेरून शिकवावे लागले असे कसे म्हणावे? आणि गडचिरोलीचे आकडे पाहता ते भय निराधार तरी कसे म्हणावे?

डिक-रीड यांच्यानंतर सोव्हिएत रशियात पावलॉवच्या सिद्धांतावर आधारलेली व फ्रान्समध्ये 1952 पासून फर्नांद लमाझ यांनी प्रचारात आणलेली पद्धती तर उघडच शब्दांवर उभी होती. गर्भिणीला आधीपासून शिकवावयाचे आणि ‘वेदना’ हा शब्द काढून त्या जागी ‘आकुंचन’ हा शब्द घालावयाचा. मराठीत हा प्रयोग करू जाता अडचण येते. ‘कळ’ या एकाच शब्दात गर्भाशयाचे आकुंचन व त्याचे दुःख दोन्ही सामावली आहेत. त्यांची फारकत करणारा शब्द घरगुती भाषेत नाही. तथापि त्याच शब्दाने ‘कळ काढणे’ हा वाक्प्रचार दिला, आणि त्याचा अर्थ धीर धरणे असा आहे. कळ येते तशी ओसरते, हे ज्ञान त्यात गृहीत आहे. सुईण जे सांगते ते हेच. शब्द बदलून वेदना किती बदलते, याची परीक्षा कॅनडातील रोनाल्ड मेल्झॅक यांनी केली. वेदनेची वर्णने करणारे शब्द गोळा करून त्यांवरून वेदना मोजण्याची पद्धती त्यांनी 1975 साली सिद्ध केली होती. 1981 साली त्यांनी दाखविले, की पूर्वशिक्षण घेतलेल्या स्त्रियांची वेदना काहीशी कमी असते, पण ती तीव्रच असते. याच मेल्झॅक यांनी पॅट्रिक वॉल यांच्यासह 1965 मध्ये मांडलेला ‘द्वार’सिद्धांत, म्हणजे पाठीच्या कण्यातून वर जाणारा वेदनेचा संदेश मेंदूकडून अडविला वा सोडला जाऊ शकतो हा विचार, आभासी वास्तवाचा शास्त्रीय आधार मानला जातो. लक्ष ही मोजकी वस्तू आहे. ते दृश्यात गुंतले तर वेदनेच्या वाट्यास कमी येते.

मात्र लक्ष वळविणे आणि भय दूर करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. वेदनेचे कारण शरीरात असते. भयाचे कारण पुष्कळदा भोवताली असते. भामरागडच्या माडिया स्त्रीला रुग्णालयात कशाचे भय वाटते? आपली भाषा तेथे कोणाला येत नाही याचे. माडिया ही द्राविड कुलातील गोंडीची बोली; तिचे मराठीशी नाते शेजाराचे, रक्ताचे नव्हे. जोर कर, थांब, श्वास घे, या तीन आज्ञा वेणांच्या भरात परक्या भाषेत कळणे अशक्यप्राय असते, आणि न कळलेली आज्ञा ही केवळ एक ओरड ठरते. हेमलकशाला गेलेल्या मंडळींनी प्रथम माडिया शिकण्याचे कष्ट घेतले, ते वैद्यकाचेच पहिले पाऊल होते.

‘सर्च’ने याच प्रश्नाचे उत्तर वास्तुरचनेत शोधले. रुग्णालय कसे असावे, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीत वावरताना भय वाटते, नातलगांपासून तोडले जाते, अशा तक्रारी पुढे आल्या. त्यावरून शोधग्रामात रुग्णालय उभे राहिले ते गोंड खेड्यासारखे, झोपड्यांचे. नातलगांना रुग्णाबरोबर राहता येते. आल्यागेल्याचे स्वागत करण्याची जागा घोटुलाच्या धर्तीवर बांधलेली. आणि नाव दंतेश्वरी देवीचे. आभासी वास्तवाचे यंत्र स्त्रीला परक्या खोलीतून मनाने ओळखीच्या किंवा सुखाच्या जागी नेते. येथे क्रम उलटा झाला : ओळखीची जागाच रुग्णालयाच्या ठिकाणी आणून बसविली. या दुसऱ्या मार्गाला विजेची गरज नाही, आणि अर्ध्या तासाची मर्यादाही नाही.

शासनानेही 2010–11 च्या सुमारास आदिवासी जिल्ह्यांसाठी एक योजना सुरू केली. दूरच्या पाड्यावरील गर्भिणीने प्रसूतीच्या काही दिवस आधी प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या घरात सोबतीच्या माणसासह येऊन राहावे, अशी ती आहे. तिला नाव दिले ‘माहेरघर’. सरकारी योजनांच्या नावांत इतका अचूक शब्द क्वचित सापडतो. पहिले बाळंतपण माहेरी, हा महाराष्ट्रातील रिवाज केवळ सोयीचा नव्हता. सासरी जिला ओरडण्याची चोरी असते तिला आईजवळ ओरडता येते. अर्थात नाव दिल्याने घर माहेर होत नाही. तेथे आईची भाषा बोलणारे कोणी असावे लागते.

सोबतीचे महत्त्व प्रयोगांनीही सिद्ध झाले आहे. 1980 साली ग्वाटेमालातील एका रुग्णालयात पहिलटकरणींजवळ एक अनोळखी पण प्रेमळ, वैद्यकाचे शिक्षण नसलेली स्त्री नुसती बसवून पाहिली. ज्यांना अशी सोबत मिळाली त्यांचा प्रसूतीचा अवधी निम्म्याहून कमी भरला. भारत सरकारने 2016 साली सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास अनुमती दिली. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने तशीच शिफारस केली. चरकाने भोवती बसविलेल्या स्त्रिया मध्यंतरी दाराबाहेर काढल्या गेल्या होत्या, त्या अशा रीतीने पुन्हा आत आल्या.

डोळ्यांवर बांधलेल्या यंत्राचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागेल. जेथे भूलतज्ज्ञ नाही, तेथे त्याचा उपयोग नाही असे म्हणणे घाईचे होईल. औषध न देता पंधरा-वीस कळा सुसह्य होत असतील तर तेही थोडे नाही. पण हे यंत्र स्त्रीच्या आणि तिच्याजवळ बसलेल्या बाईच्या नजरेमध्ये येते, हेही खरे. सुईण बाळंतिणीचा चेहरा पाहून पुष्कळ ओळखते. बाळंतीण सुईणीचा चेहरा पाहून त्याहून अधिक ओळखते. आणि जेथे दहांत एक प्रसूती लांबते, तेथे आता काही तरी निराळे होत आहे हे स्त्रीने वेळेवर सांगणे, हीच पुष्कळदा पहिली सूचना असते. समुद्रतळाशी रमलेली स्त्री ती सूचना देईल का, हे 27 स्त्रियांच्या, सर्व सोयींनी युक्त रुग्णालयातील प्रयोगावरून ठरणारे नाही.

आणखी एक बाब आहे. दृश्याला भाषा लागत नाही, असे मानले जाते. वृंदाच्या अंकांना लागत नव्हती. परंतु या यंत्रातून बहुधा एक आवाजही ऐकू येतो : श्वास आत घ्या, आता सोडा, शरीर सैल ठेवा. तो आवाज इंग्रजी असतो. उद्या तो मराठीत येईल, आणि वरोऱ्याच्या स्त्रीला तो बहुतांशी समजेलही. ‘आकुंचन’ या शब्दाऐवजी त्यात ‘कळ’ हा शब्द असला म्हणजे झाले. पर्लकोटेपलीकडच्या स्त्रीसाठी तो माडियात बोलावा लागेल. तो कोणाच्या आवाजात बोलावा, एखाद्या डॉक्टरच्या की तिच्या गावच्या म्हातारीच्या, हे मात्र यंत्र बनविणाऱ्यांना तेथे जाऊनच विचारावे लागेल.